बाभळीच्या मुलखात ट्यूबलेस टायर: सीलंट कुठं कामाला येतं, कुठं दगा देतं

मराठवाड्यात माउंटन बाइकचा टायर दगडानं क्वचित कापतो, काट्यानं मात्र सारखा बसतो. बालाघाटातली मुरमाड वाट असो, खुलताबादहून म्हैसमाळकडे चढणाऱ्या रस्त्यालगतची पायवाट असो, नाहीतर जालना जिल्ह्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागांमधले बांध असोत. बाभूळ, हिवर, वेडी बाभूळ आणि जमिनीलगत पसरलेला सराटा यांच्यातून सुटका नाही. त्यामुळं इथं ट्यूबलेस घ्यावं की नाही, हा प्रश्न वजन वाचवण्याचा नाहीच. 29 इंची चाकाची ट्यूब साधारण 200 ग्रॅमची, तिच्या जागी 110-120 मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव, जातं. चाकामागं वाचलं शंभरेक ग्रॅम. खरी कमाई ही, की सराटा घुसला तर चाक चार-दोन फेरे फिरेपर्यंत भोक बुजतं आणि उतरावंही लागत नाही.

इथं पारखला आहे तो पूर्ण संच: ट्यूबलेस-रेडी (ट्यूबशिवाय टायर धरेल अशी) रिम, 2.25 ते 2.35 इंच रुंदीचा टायर, रिम टेप (रिममधली आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी), बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह आणि लेटेक्सचं सीलंट. माउंटन बाइकसाठी ही पद्धत बाजारात आणली ती फ्रान्सच्या माविक, हचिन्सन आणि मिशलँ या कंपन्यांनी, 1999 मध्ये, यूएसटी या नावानं. त्यांचा टायर आतून इतका हवाबंद होता की हवा धरायला सीलंटची गरज पडत नसे. अर्थात टायर जडही होता. आजचे टायर हलके, सच्छिद्र, आणि हवा धरण्याचं निम्मं काम सीलंटवर सोडलेले. अडचण नेमकी तिथंच सुरू होते.

लेटेक्सचं सीलंट म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे कण. भोकातून हवा सुटली की हे कण तिथं गोळा होऊन गोठतात. पण टायरच्या अंगातून पाणीही हळूहळू उडत राहतं, आणि उन्हात ते फार वेगानं उडतं. बाटलीवर ‘दोन ते सहा महिने’ लिहिलेलं असतं. फ्रान्समधल्या आल्सासच्या द्राक्षमळ्यांतून किंवा बोजोलेच्या टेकड्यांवरून सायकल हाकणाऱ्याला त्यातला सहाचा आकडा मानवत असेल. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, सायकल पत्र्याच्या शेडखाली उभी असते. तिथं दोनचा आकडाही भरवशाचा नाही. मार्च ते जून दर चार आठवड्यांनी तपासा आणि सहाव्या आठवड्याला प्रत्येक चाकात 50-60 मिली टाका. पावसाळ्यात आणि थंडीत अडीच-तीन महिने निघतात. यावरून खर्चाचा अंदाज येतो: पहिल्या भरणीला दोन्ही चाकांत मिळून 220-240 मिली, पुढं दर खेपेला शंभर-सव्वाशे. 500 मिलीची बाटली पहिल्या भरणीसह चार-सहा महिने पुरते. म्हणजे वर्षाला दोन बाटल्या धराव्यात. दुकानदार एकच सांगतात, ते विसरा.

तपासायला टायर उघडायची गरज नाही. हवा सोडा, व्हॉल्व्हचा गाभा किल्लीनं काढा, व्हॉल्व्ह तळाशी आणून आत बारीक झिप टाय घाला आणि तेलाची पातळी बघतात तसं बघा. ओलं टोक आलं तर ठीक. कोरडं आलं, किंवा चाक हलवल्यावर आतून गोळ्यांचा खडखडाट आला, तर सीलंट संपलंय. गाभा बाहेर आहेच तर स्वच्छ पुसून घ्या. त्यावर लेटेक्स चढलं की पंप मारूनही हवा जात नाही आणि लोक पंपाला दोष देत बसतात. दोन जादा गाभे पिशवीत असू द्यावेत, फार महाग नसतात.

बसवताना सगळी मदार टेपवर. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 3-5 मिमी जास्त रुंद हवी; 25 मिमीच्या रिमला 28 किंवा 30 मिमीची. आधी जुनी पट्टी काढून रिम स्पिरिटनं पुसा, कारण तेलाचा हात लागला असेल तर टेप धरत नाही. टेप ताणून, दोन्ही कडांच्या कोनात बसेल अशी गुंडाळा आणि शेवटी 10-12 सेंटीमीटर एकमेकांवर येऊ द्या. मग ट्यूब घालून, 30 पीएसआय हवा भरून चाक रात्रभर तसंच ठेवा, म्हणजे टेप दाबली जाते. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडनं फुली मारून पाडू नका, फुलीची टोकं पुढं फाटत जातात. तापवलेल्या सुईनं लहान भोक पाडून व्हॉल्व्ह त्यातून रेटावा. व्हॉल्व्हवरची आवळायची चकती बोटांनीच आवळावी. पक्कडीनं आवळली तर जंगलात ट्यूब टाकायची वेळ आल्यावर ती सुटणार नाही.

टायरच्या कडा साबणाच्या पाण्यानं ओल्या करा, गाभा काढलेला ठेवा आणि मोठ्या उभ्या पंपानं भराभर हवा मारा. दोन्ही बाजूंनी ‘टप्प, टप्प’ आवाज आले की टायर बसला. पंपानं जमलं नाही तर गाभा परत बसवून, त्यावर पितळी ॲडॉप्टर चढवून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर जा. तिथं एक सावधगिरी. पंक्चरवाला यंत्र मोटारीच्या टायरच्या अंदाजानं चालवतो आणि टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा क्षणात ओलांडली जाते. गेज स्वतः हातात ठेवा, आवाज आला की थांबा. मग हवा सोडून, गाभा काढून सिरिंजनं सीलंट आत सोडा, पुन्हा हवा भरा, चाक हलवा आणि दोन्ही कुशींवर दहा-दहा मिनिटं आडवं ठेवा.

दुसऱ्या दिवशी हवा उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते बघा. आरे जिथं रिमला मिळतात तिथून आले तर टेप गळतेय, ती पुन्हा लावणं हाच इलाज. सीलंट वाढवून उपयोग नाही. टायरच्या कुशीवर बारीक घामासारखे आले तर काळजी नको, एक-दोन फेरफटक्यांत ते बंद होतात. व्हॉल्व्हच्या मुळाशी आले तर चकती जरा आवळावी.

हवेचं गणित. 70 किलोच्या माणसाला पुढं 22-24 आणि मागं 25-27 पीएसआय पुरे. ट्यूब असताना हाच माणूस 32-36 भरत असतो, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते. उन्हाळ्यात पहाटे 20 अंशांत 25 भरलेली हवा दुपारी 40 अंशांत जवळजवळ 28 होते. त्यामुळं सकाळी भरताना दोन कमी भरा. दुपारी मुरमावर टायर उसळायला लागला की कारण बहुतेक हेच असतं.

आता काटे. सराट्याचा काटा बारीक. दहा घुसले तरी सीलंट पुरून उरतं. बाभळीचा लांब काटाही रानात उपटत बसू नका, तोच भोकाचं बूच झालेला असतो. घरी आल्यावर पक्कडीनं काढा आणि ते भोक लगेच खाली फिरवा, म्हणजे सीलंट तिथं पोचेल. तीनेक मिमीपर्यंतचं भोक सीलंट सहसा बुजवतं, त्याहून मोठ्याला सायकलचा प्लग, म्हणजे भोकात खुपसायची बारीक रबरी वात, लागतो. मोटरसायकल-कारवाला जाड दोरा आणि त्याचा कानसासारखा टोच्या सायकलच्या टायरला लावू देऊ नका. तो भोक रुंदावतो आणि टायरचे धागे तोडतो. बेसाल्टच्या धारदार कपचीनं कूस चिरली तर प्लगही हरतो. आतून टायरचाच तुकडा लावून ट्यूब टाकावी लागते. ती टाकण्यापूर्वी टायरच्या आत जाड फडकं फिरवा. सीलंटनं बुजवलेल्या डझनभर काट्यांची टोकं आत उभीच असतात. ती काढली नाहीत तर नवी ट्यूब शंभर मीटरही जात नाही.

द्राक्षबागेचा धोका वेगळा. फ्रान्समध्ये वेलींची मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच होते, आपल्याकडं एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी, अशी दोनदा. त्या दिवसांत बांधावर पडलेल्या टोकदार काड्या टायरच्या कुशीत घुसतात, नाहीतर मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) अडकून त्याचा हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो कान, वाकवतात. छाटणीनंतर पंधरा दिवस बागेतून जाऊच नये. एरवीही शेतकऱ्याला विचारूनच. ठिबकच्या नळीवरून चाक गेलं तर नुकसान त्याचं होतं. गौताळा किंवा येडशी रामलिंग घाट ही अभयारण्यं आहेत, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय आतल्या वाटांवर सायकल घालू नये.

हवा भरायला सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) नळकांडी सोयीची खरी, पण पुष्कळ लेटेक्स सीलंट त्या वायूनं आतल्या आत गोठतात. पिशवीत हातपंपच बरा. बाजारात मोटरसायकलसाठी मिळणारं हिरवं जेल स्वस्त म्हणून या टायरात ओतू नये; ते ट्यूबसाठी ठीक आहे, पण टायरची सच्छिद्र कूस त्यानं हवाबंद होत नाही.

काळ्या मातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुलैत ती चाकाला चिकटून फ्रेममध्ये दाटली की ट्यूबलेस असो नाहीतर ट्यूब, सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. विरळ गुट्ट्यांचा टायर थोडी सवड देतो, एवढंच.

घ्यावं कुणी? रिमवर ‘ट्यूबलेस-रेडी’ लिहिलेलं असेल आणि महिन्यातून दोनदा तरी रानात जाणं होत असेल, तर पाचपैकी चार गुण, बिनधास्त घ्या. एक गुण कापला तो उन्हाळ्यातल्या देखभालीचा. सायकल महिनोन्‌महिने भिंतीला टेकून राहत असेल तर सीलंट आत वाळून जाईल आणि पैसे फुकट. साध्या, उथळ रिमवर टेप लावून जुगाड करणारे भेटतील, पण कमी हवेत वळणावर टायर रिमवरून उतरतो. तशा सायकलला जाड काटेरोधक ट्यूब आणि आतून टायर लायनर (टायर आणि ट्यूब यांच्यामधली पट्टी) घाला. चाक जड होईल, चढावर जाणवेल, पण लायनरची टोकं जिथं एकमेकांवर येतात तिथं कड कानशीनं गोल करून घेतली तर तीच ट्यूब दोन-तीन हंगाम निघते.