कोणतं जनुक बिघडलंय, हे त्यांनी विचारलंच नाही

माझ्या धाकट्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे दृष्टिपटलाच्या पेशी हळूहळू मरत जाणारा जनुकीय आजार. आधी रातांधळेपणा आला, मग नजर कडांकडून आकसत गेली. ‘क्रिस्परने जनुक दुरुस्त, दृष्टी परत’ ही जाहिरात दिसली (क्रिस्पर म्हणजे जनुकात नेमक्या जागी काप घेऊन बदल करण्याचं तंत्र) आणि मी फोन केला.

पलीकडचा माणूस समजुतीने बोलायचा. “ताई, दोन्ही डोळे एकाच दिवशी करून घेऊ. उशीर केलात तर पेशी मरतील.” पेशी मरतात हे खरंच आहे, म्हणून तर ते काळजाला भिडलं. पैसे आगाऊ घेतले, पावतीवर नुसतं ‘सेवाशुल्क’. दोन्ही डोळ्यांखाली कातडीत इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं.

महिन्याने त्यांनी फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर कडेला कुठवर पोचते त्या तपासणीचा, कागद दाखवला. दिसणाऱ्या भागाचं वर्तुळ मोठं झालं होतं. आम्ही दोघंही रडलो. पण घरात भाऊ दाराच्या चौकटीवर तसाच आदळत होता. शेवटी रेटिनाच्या डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: आधी तपासणीचा प्रकाशठिपका ३ नंबरचा होता, नंतर ५ नंबरचा. ठिपकाच मोठा केला, तर तो जास्त कडेपर्यंत दिसणारच. हे कळलं तेव्हा पैशांपेक्षा त्या रडण्याचा जास्त संताप आला.

मग डॉक्टरांनी विचारलं, “बिघाड कोणत्या जनुकात आहे?” आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या लोकांनी जनुकीय तपासणी मागितलीच नव्हती! या आजारामागे ८० हून अधिक जनुकं असू शकतात, आणि क्रिस्परला काप कुठे घ्यायचा हे आधी नेमकं ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या खऱ्या चाचणीत सीईपी२९० जनुकातल्या एकाच ठरावीक बिघाडाचे १४ रुग्ण होते. शस्त्रक्रिया करून, एकाच डोळ्यात, दृष्टिपटलाखाली औषध सोडलं. २०२४ च्या निकालात ११ जणांना कुठल्या तरी एका मोजमापात सुधारणा दिसली. २०१७ मध्ये मंजूर झालेलं लक्सटर्ना हे जनुकीय औषध तर जनुकात काप घेऊन बदल करतही नाही, जनुकाची चांगली प्रत पोचवतं, तेही फक्त आरपीई६५ या एका जनुकासाठी.

जाहिरातवाल्यांनी आपल्या उपचाराच्या चाचणीचा नोंदणी क्रमांकही दाखवला होता. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. फ्लोरिडात तीन स्त्रियांनी प्रत्येकी ५००० डॉलर भरून मूळपेशींची इंजेक्शनं दोन्ही डोळ्यांत एकदमच घेतली होती आणि त्यांची दृष्टी गेली. तिथेही नोंदणी होतीच.

तक्रार दिली आहे. भावाचं रक्त आता जनुकीय तपासणीला गेलंय, अहवाल यायचाय.