एक चिप नंबर, दोन अरोवाना

मी ठाण्यात राहतो. मासे पाळायला लागून बावीस वर्षं झाली. गप्पी-मॉलीपासून सुरुवात केली, मग एंजल, मग डिस्कस. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किती सकाळी गेल्या याची मोजदाद नाही. हे आधी सांगतो, कारण फक्त नवखेच फसतात असं मलाही वाटायचं. जुलै 2023 मध्ये एक लाख पंधरा हजार रुपये मोजून मी 'सुपर रेड' एशियन अरोवाना घरी आणला. तो सुपर रेड नव्हता. त्याच्या अंगात ओळख पटवणारी चिप नव्हती. आणि त्याच्यासोबत मिळालेला कागद दुसऱ्याच माशाचा होता. हा मासा घ्यायचं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एशियन अरोवाना हा आग्नेय आशियातला गोड्या पाण्यातला मासा. खवले रुपयाच्या नाण्यासारखे मोठे आणि चकचकीत, हनुवटीला पुढे आलेल्या दोन मिशा. चिनी लोकांना त्यात ड्रॅगन दिसतो, म्हणून तिकडे तो दुकानात ठेवला की बरकत येते असं मानतात. ही समजूत फेंगशुईच्या मागोमाग आपल्याकडेही आली. यातला लाल प्रकार, सुपर रेड, हा बोर्निओ बेटावरच्या पश्चिम कालिमंतानचा, कापुआस नदीच्या खोऱ्यातला. बाजारात सिल्व्हर अरोवाना म्हणून जो स्वस्तात मिळतो तो दक्षिण अमेरिकेतला वेगळा मासा. त्याची नि याची गल्लत करू नका.

धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात एशियन अरोवाना 1975 पासून आहे. म्हणजे नदीतून पकडलेला मासा दुसऱ्या देशात नेऊन विकता येत नाही. विकता येतो तो साइट्सकडे नोंद असलेल्या फार्मवर जन्मलेला, दुसऱ्या किंवा त्यापुढच्या पिढीचा मासा. अशा प्रत्येक माशाच्या पाठीच्या स्नायूत तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचतात आणि तिचा नंबर सर्टिफिकेटवर छापतात. माझ्या मते या बंधनांमुळेच माशाचं मोल इतकं चढलं, आणि मोल चढलं की कागदाचाही बाजार सुरू होतो.

माझा विक्रेता अनोळखी नव्हता. पूर्व उपनगरातलं छोटं दुकान, त्याच्याकडून मी सात-आठ वर्षं डिस्कस घेत होतो. मासे निरोगी असायचे, एखादा चार दिवसांत गेला तर न बोलता बदलून द्यायचा. माझा विश्वास तिथे बसला. एक दिवस म्हणाला, "दादा, इंडोनेशियाचा माल आलाय. तीनच पीस आहेत. एक तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय." दुकानाच्या आतल्या खोलीत गुलाबी दिव्याखाली सहा इंची मासा फिरत होता. गालावर लाली, परांवर लाली, ओठसुद्धा लालसर. मी बघतच राहिलो. बायको सोबत होती. ती म्हणाली, "साध्या ट्यूबलाइटखाली बघू या ना एकदा." तो लगेच म्हणाला, "वहिनी, मासा प्रवासातून आलाय, लाइट बदलला की स्ट्रेस घेतो." मी तिला गप्प केलं. ते आजही मनाला लागतं.

चिप स्कॅन करून दाखव म्हटलं तर स्कॅनर दुरुस्तीला दिला होता. त्याऐवजी त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: पिशवीतला मासा, वरून फिरणारा स्कॅनर, बीप, पडद्यावर नंबर. तोच नंबर सर्टिफिकेटवर. जाड कागद, फार्मचं नाव, होलोग्राम, लॅमिनेशन. व्हिडिओतला मासा हाच कशावरून, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आयातीचे कागद विचारले तर म्हणाला, लॉटचे एकत्र असतात, नंतर झेरॉक्स देतो. चाळीस हजार जीपे केले, बाकीचे आरडी मोडून रोख दिले. रोख रकमेची पावती घेतली नाही.

घरी आणल्यावर दोन दिवसांनी टाकीवर नेहमीचा पांढरा दिवा लावला आणि मासा फिकट दिसला. पाठ हिरवट काळी, खवले चंदेरी, परांना विटकरी झाक. फोन केला. उत्तर ठरलेलं: "सेटल होऊ दे दादा. रेडला रंग यायला वेळ लागतो." आणि इथेच या फसवणुकीचं खरं बळ आहे, कारण हे वाक्य खोटं नाही. सुपर रेडचा पूर्ण रंग यायला काही वर्षं जातात. पिल्लू घेणारा माणूस लाल मासा घेतच नसतो, तो पुढे लाल होईल या शब्दाला पैसे देतो. शब्द खोटा होता हे कळेपर्यंत दोन-तीन वर्षं सरतात, तोवर विक्रेता दुकान हलवतो, फोन नंबर बदलतो. मी तर वर्षभर त्याच्याकडूनच रंग खुलवणारं खाद्य विकत घेत राहिलो, वरून टॅनिंगचा दिवाही घेतला. त्या दिव्याखाली खराखुरा सुपर रेड अधिक गडद होतो, हे बरोबर. पण ज्याच्या रक्तातच लाल नाही त्याला दिवा काय देणार?

माझ्याकडचा मासा हा ज्याला या धंद्यात 'बंजार' म्हणतात तसा निघाला. हाही इंडोनेशियाचाच, पण हलक्या प्रतीचा. लहानपणी पर लालसर असतात, म्हणून सुपर रेड म्हणून खपवायला सोपा. मोठा झाला की खवल्यांवर लाली चढतच नाही. पाठीचा पर आणि शेपटीचा वरचा भाग काळपट राहतो. माझा आता चौदा इंचाचा आहे, आणि शेपटीच्या वरच्या कडेला ती काळी पट्टी स्वच्छ दिसते. अरोवाना पाळणारे एक ज्येष्ठ गृहस्थ घरी आले होते. टाकीसमोर खुर्ची ओढून पाच मिनिटं बसले, काही बोलले नाहीत. मग शेपटीकडे बोट करून म्हणाले, "हे बघितलंत का कधी?"

तरीही मी चरफडून गप्प बसलो असतो. रंगात फसलो, पैसे गेले, मासा तर आहे. पण 2024 उजाडलं आणि प्रकरण रंगापुरतं राहिलं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साइट्सच्या परिशिष्टांतले प्राणी तिने चौथ्या अनुसूचीत आणले. 28 फेब्रुवारी 2024 ला नोंदणीचे नियम आले: असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने सहा महिन्यांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, नव्याने मिळाल्यास तीस दिवसांत. मी जुलैमध्ये फॉर्म भरायला बसलो. मासा कुठून आला हे लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे त्या लॅमिनेटेड कागदाशिवाय काही नव्हतं. विक्रेत्याला आयातीच्या कागदांसाठी सहा फोन केले. पहिल्या तीनला "उद्या देतो", चौथ्याला "कशाला नोंदणी करताय, कोण बघतंय", मग फोन लागेना.

तेव्हा कुत्र्या-मांजरांना चिप बसवणाऱ्या एका डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांच्याकडे सगळ्या प्रकारच्या चिपा वाचणारा स्कॅनर होता. त्यांनी आधी बॅगेतली एक नवी चिप टेबलावर ठेवून स्कॅनर फिरवला. बीप, नंबर. मग आम्ही मासा मोठ्या जाड पिशवीत घेतला, कारण जाळीत त्याचे खवले निघतात. डॉक्टरांनी पिशवीला चिकटवून स्कॅनर पाठीवरून डोक्याकडे नेला, परत शेपटीकडे आणला, पोटाखालून फिरवला. काही नाही. परत टेबलावरची चिप. बीप. परत मासा. काही नाही. घरात एअर पंपाचा आवाज तेवढा चालू होता. डॉक्टर म्हणाले, "याच्यात कधीच काही नव्हतं हो."

त्याच रात्री सर्टिफिकेटवर नाव असलेल्या इंडोनेशियातल्या फार्मला ई-मेल केला, कागदाचा फोटो जोडला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. नंबर त्यांचाच होता, मासाही खरा होता, पण तो त्यांनी काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच देशातल्या खरेदीदाराला पाठवला होता. भारतात त्या नंबरचा मासा त्यांनी विकलेला नव्हता. म्हणजे कागदावरचा मजकूर बनावट नव्हता, ती खऱ्या कागदाची रंगीत प्रत होती.

मग मी तो कागद ओळखीच्या अरोवानावाल्यांना पाठवला. नाशिकच्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज कापत होता. त्यांनी स्वतःच्या कागदाचा फोटो पाठवला. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. तोच फार्म, तोच नंबर, तोच होलोग्राम. त्यांनी एक लाख तीस हजार दिले होते, वेगळ्या माणसाला.

शोभेच्या माशांच्या जागतिक व्यापाराबद्दल तोवर मी फारसा विचार केला नव्हता. आपल्या टाकीत येणारे गोड्या पाण्यातले बहुतेक मासे आता फार्मवर वाढवलेले असतात. चेन्नईच्या कोळत्तूरमधून येतात, बाहेरून येतात. सिंगापूर हे या व्यापाराचं मोठं नाकं, तिथे अनेक देशांचा माल जमतो आणि पुन्हा पिशव्यांत भरून जगभर जातो. मासा पाच-सहा हातांतून फिरतो आणि प्रत्येक हातात त्याचं मूळ थोडं पुसलं जातं. स्वस्तातल्या निऑन टेट्राचं मूळ कोणी विचारत नाही, त्याने बिघडतही नाही. पण लाखाच्या माशाचं मूळ म्हणजे त्याचा कागद, आणि मासा मेला तरी कागद जिवंत राहतो. त्या कागदाला मग दुसरा मासा मिळतो. चोरून आणणंही लोकांना नवं नाही. 2005 मध्ये सिंगापूरहून मेलबर्नला उतरलेल्या एका बाईच्या स्कर्टखालच्या एप्रनमध्ये पाण्याच्या पिशव्यांत 51 जिवंत मासे सापडले होते. माझा मासा कुठल्या वाटेने आला, वाटेत त्याचे किती भाऊ मेले, हा विचार आता टाकीसमोर उभं राहिलं की येतो.

खोटा रंग हा या धंद्यातला जुना रोगच आहे. पूर्वी कुर्ल्यात निळ्या-गुलाबी पट्ट्यांचे ग्लास फिश मिळायचे. आपल्याच नद्यांत होणारी काचेसारखी पारदर्शक मासोळी, तिच्या अंगात सुईने रंग टोचलेला असायचा. काही महिन्यांत रंग उतरायचा, तोवर जगली तर. माझ्या मुलीने हट्ट करून आणलेल्या सहांपैकी पाच महिन्याभरात गेल्या. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

वकिलांनी सांगितलं, 420 खाली तक्रार होते, व्यवहार 2023 चा असल्याने जुनं कलम लागेल. पण तक्रारीत तुमच्याकडे असा मासा आहे हेही लिहावं लागेल. फसवणारे याच भीतीवर जगतात. बिनकागदाचा मासा घेतलेला माणूस तोंड उघडणार नाही याची त्यांना खात्री असते. नाशिकच्या गृहस्थांनी अजून तक्रार केलेली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी मात्र पोलिसांकडे अर्ज दिला, वनखात्यालाही जे घडलं ते सगळं लेखी कळवलं, स्कॅनच्या वेळी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आणि फार्मचा ई-मेल जोडला. मासा सध्या माझ्याकडेच आहे, विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. पुढचा निर्णय यायचाय. पैसे परत मिळतील असं मला वाटत नाही.

तुम्ही घ्यायला गेलात तर स्कॅनर तुमचा न्या, किंवा स्कॅनरवाला डॉक्टर सोबत न्या, दोन-तीन हजार गेले तर जाऊ देत. तुमच्यासमोर, त्याच माशावर, त्याच मिनिटाला नंबर दिसला पाहिजे. व्हिडिओ पुरावा नाही. बीप आला तरी तेवढ्यावर थांबू नका. फार्मला स्वतः लिहा, हा नंबर कोणत्या देशात पाठवलात एवढंच विचारा. साइट्सचा परवाना आणि भारतातल्या आयातीचे कागद पैसे देण्याआधी हातात घ्या, "नंतर देतो" ऐकलं की उठा. रंग बघायचा तर दुकानातले दिवे बंद करायला लावा आणि मोबाइलचा पांढरा टॉर्च मारा. रोख देऊ नका. द्यावेच लागले तर पावतीवर चिप नंबर लिहून घ्या. आणि घरातलं कोणी ट्यूबलाइटखाली बघू या म्हणालं, तर तिथेच थांबा आणि बघा.

माझ्या सर्टिफिकेटवरच्या नंबरचे शेवटचे चार आकडे 4417 आहेत. तुमच्याकडच्या कागदावर हेच असतील तर मला कळवा. नाशिकचा आणि माझा मिळून दोन झालेत, तिसरा मिळाला तर एकत्र अर्ज करता येईल.