मोठी काच बसवताना: टफन्ड की लॅमिनेटेड?

दिवाणखान्याची एक अख्खी भिंत काचेची करायचे ठरले की दुकानात आधी जाडी आणि मग भाव विचारला जातो. माझ्या मते त्याआधी विचारावे ते हे, की ही काच फुटली तर पुढच्या क्षणी तिथे काय उरेल.

टफन्ड काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला भाग नंतर आक्रसताना त्याला कायमचा दाबात ठेवतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते. फुटते तेव्हा मात्र सगळी एकदम फुटते, खडीसाखरेसारखे बोथट खडे जमिनीवर पसरतात आणि चौकट रिकामी राहते. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेला असेल, तर कोणी हात न लावताही ती एखाद्या दिवशी फुटू शकते. कारखान्यातच पुन्हा तापवून अशा काचा आधीच फोडून टाकणारी हीट सोक टेस्ट ही शक्यता बरीच कमी करते, म्हणून मोठ्या काचेसाठी ती आग्रहाने मागावी.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पारदर्शक थर असतो. तडे गेले तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांची काचेवरची ‘लार्ज ग्लास’ ही १९१५ ते १९२३ या काळात घडलेली कलाकृती आठवावी. ब्रुकलिनमधल्या प्रदर्शनानंतर वाहतुकीत तिच्या काचा तडकल्या; १९३६ मध्ये द्युशाँ यांनी तुकडे जुळवून ते आणखी दोन काचांमध्ये बंद केले, आणि फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात ती आजही तड्यांसकट उभी आहे. तुकड्यांना जागेवर धरून ठेवण्याचे हेच काम पीव्हीबी करतो. पॅरिसच्या लूव्रमधल्या, १९८९ साली खुल्या झालेल्या पिरॅमिडलाही लॅमिनेटेड काचाच आहेत, कारण तिथे माणसे काचेच्या खाली वावरतात.

लॅमिनेटेडची बाजू घेताना तिच्या अडचणीही सांगायला हव्यात. पीव्हीबी उन्हाने मऊ पडतो, म्हणून ६ अधिक ६ मिलिमीटरची जोडी १२ मिलिमीटरच्या अखंड काचेइतकी ताठ राहत नाही. वाऱ्याचा तोच मारा झेलायला जाडी, वजन आणि खर्च वाढतो. वजन कमी लेखू नये: २.४ बाय ३ मीटरची १२ मिलिमीटर काच सुमारे २१६ किलो भरते, आणि ती जिन्यातून वर नेणे हे वेगळेच काम आहे. कोकणातल्या दमट हवेत उघडी कड ओली राहिली, तर कडेने पांढुरके डाग पडून थर सुटू लागतात. उलट अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडतात, त्यामुळे पडदे आणि लाकूड लवकर विटत नाही. रस्त्याचा आवाजही कमी होतो. उन्हाची झळ मात्र या दोहोंपैकी कोणतीच काच अडवत नाही. पश्चिमेची भिंत असेल तर उन्हाची उष्णता अडवणारी सोलर कंट्रोल काच किंवा खोल छज्जा याला पर्याय नाही.

तळमजल्यावर, चारही बाजूंनी चौकटीत बसणारी काच किंवा सरकते दार असेल, तर हीट सोक केलेली टफन्ड पुरेशी आहे. वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याला किंवा डोक्यावरच्या छतात मी लॅमिनेटेडखेरीज दुसरी काच सुचवणार नाही. छतासाठी त्यातही दोन्ही थर टफन्ड घेऊ नयेत, कारण दोन्ही फुटले तर अख्खी काच ओल्या गोधडीसारखी खाली लोंबते. अर्धवट कडक केलेल्या, म्हणजे हीट स्ट्रेंग्दन्ड काचेचे मोठे तुकडे एकमेकांना धरून वर टिकतात.

काच टफन केल्यावर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून फरशी व गिलावा पूर्ण झाल्यावरच शेवटचे माप द्यावे आणि बिजागऱ्यांची भोके त्याच मापात लिहून द्यावीत.