क्रेडिट कार्डच्या ‘मिनिमम ड्यू’चा रिव्ह्यू, आकडेमोडीसकट

कार्डांच्या रिवॉर्ड पॉइंटचे, कॅशबॅकचे, लाउंजचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात, पण बिलावर टोटल ड्यूच्या शेजारी तो छोटा आकडा असतो ना, मिनिमम ड्यू, म्हणजे ‘या महिन्यात निदान एवढे तरी भरा’ अशी रक्कम, त्याचा रिव्ह्यू कोणी करताना दिसत नाही. म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल लिहितेय. तीही एक सर्व्हिसच आहे, आणि माझ्या मते कार्डवरची सगळ्यात महाग सर्व्हिस तीच.

आधी चांगलं सांगते. मिनिमम वेळेत भरलं की लेट फी लागत नाही, खातं थकीत म्हणून क्रेडिट ब्युरोकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) जात नाही, वसुलीचे फोन येत नाहीत. पगार लांबला, अचानक हॉस्पिटलचा खर्च आला, अशा एखाद्या महिन्यासाठी हे खरंच मोलाचं आहे आणि त्या कामाला मी ५ पैकी ५ देईन. प्रॉब्लेम सुरू होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून, कारण तेव्हा माणसाला वाटायला लागतं की आपण दर महिन्याला भरतोय म्हणजे कर्ज कमी होतंय. होतंय, पण किती ते बघा.

समजा बॅलन्स, म्हणजे कार्डावरचं देणं, १ लाख, व्याज महिना ३ टक्के आणि मिनिमम म्हणजे व्याज धरून जी बाकी होते तिच्या ५ टक्के. (कार्डागणिक दर वेगळे असतात, आपल्या बिलावरचे टाकून बघा.) पहिल्या महिन्यात ३,००० व्याज लागून बाकी १,०३,००० झाली, त्यावर मिनिमम ५,१५०. ते भरलं की उरले ९७,८५०. म्हणजे खिशातून गेले ५,१५० आणि कर्ज उतरलं २,१५० ने, बाकीचं सगळं व्याजात. असंच वर्षभर केलं, आणि कार्ड एकदाही स्वाइप केलं नाही, तरी १२ महिन्यांत साधारण ५५,००० भरून बॅलन्स अजून ७७,००० च्या आसपास असतो. निम्मा व्हायला ३२ महिने. १०,००० वर यायला जवळजवळ ९ वर्षं, आणि तोपर्यंत भरलेली रक्कम २ लाख १५ हजारांच्या पुढे गेलेली असते, मूळ कर्ज १ लाख असताना.

हे असं का होतं, तर मिनिमम हे टक्केवारीत असतं. बॅलन्स थोडा उतरला की पुढचं मिनिममही उतरतं, मग आपण आणखी कमी भरतो, मग बॅलन्स आणखी सावकाश उतरतो. बिलातला आकडा दर महिन्याला लहान होताना बघून बरं वाटतं, पण तेच तर मुदत लांबवत असतं! काही कार्डांवर हिशोब आणखी वेगळा असतो, त्या महिन्याचं व्याज अधिक बॅलन्सच्या फक्त १ टक्का. तिथे नुसतं मिनिमम भरलं तर बॅलन्स निम्मा व्हायलाच पावणेसहा वर्षं लागतात. शेवटी शेवटी बॅलन्स अगदी कमी झाला की टक्केवारीऐवजी एक ठरावीक किमान रक्कम लागू होते म्हणून ते कधीतरी संपतं तरी.

आता याच उदाहरणात एकच गोष्ट बदला. पहिल्या महिन्याचे ते ५,१५० तेवढेच धरून ठेवा, बिलावर मिनिमम कितीही कमी येऊ दे, आपण ५,१५० च भरायचे. ३० व्या महिन्यात सगळं कर्ज संपतं! एकूण भरणा साधारण १ लाख ५२ हजार. मिनिममच्या मागे जाणाऱ्याचे त्याच ३० व्या महिन्यात ५२,००० बाकी असतात. जास्तीचं काही कमवायला नको, पहिल्या महिन्यात जमले तेवढेच पैसे पुढेही भरत राहायचे. १०,००० जमत असतील तर साधारण वर्षभरात मोकळे. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते आणि नेमकी हीच बिलावर कुठे ठळक लिहिलेली नसते.

बिलाच्या मांडणीला मी ५ पैकी १ देते. ब्रिटनमधल्या वॉरविक विद्यापीठाच्या नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये यावर संशोधन छापलं होतं, त्यात दिसलं की बिलावर मिनिममचा आकडा नुसता दाखवला तरी जे लोक थोडे थोडे करून फेडणार असतात ते आणखी कमी भरतात, आकडा मनाला तिकडे ओढतो. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यापासून बिलावर लिहावंच लागतं की फक्त मिनिमम भरलं तर किती वर्षं लागतील आणि ३६ महिन्यांत संपवायचं तर महिना किती भरावे लागतील. अशी दोन ओळींची माहिती जगातल्या प्रत्येक बिलावर हवी, फुकट देता येण्यासारखी आहे ती.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. टोटल न भरता मिनिमम भरलं की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज. त्यामुळे जुनं फेडत असताना त्याच कार्डावर रोजचा खर्च करू नका, तो डेबिटवर न्या. वरचं सगळं गणित कार्ड बंद ठेवलंय असं धरून आहे, महिन्याला २,१५० पेक्षा जास्त स्वाइप केलं की बॅलन्स उतरायच्या ऐवजी चढतो.

ऑटोपे (खात्यातून बिल आपोआप भरलं जाणं) लावलेलं असेल तर आजच अॅप उघडून बघा, तिथे टोटल ड्यू निवडलंय की मिनिमम ड्यू. आणि पैसे आले की ड्यू डेटची वाट बघत बसू नका, व्याज साधारण रोजच्या बॅलन्सवर मोजतात, दहा दिवस आधी भरले तर तेवढ्या रकमेवरचं दहा दिवसांचं व्याज वाचतं. सगळं फेडल्यावर पुढच्या बिलात थोडं व्याज दिसलं तर घाबरू नका, बिल निघालं तेव्हापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं ते. तेही पूर्ण भरून टाका.