डोन्ट स्टार्व्ह टुगेदर: चौघांची भूक, एक क्रॉक पॉट (काही महिने खेळल्यानंतर)

पावसाळ्यात सुरू केलेला, उपाशी न मरता तगून राहायचा हा व्हिडिओ गेम दिवाळी उलटली तरी आठवड्यातल्या दोन-तीन रात्री खातोय, म्हणजे त्यावर लिहायला आता हरकत नाही. चित्रं, संगीत, अंधार पडला की झडप घालणारी चार्ली यांवर बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलंय. मी फक्त खाण्याबद्दल लिहिणार आहे. आमच्या चौघांत जे काही गाजलं ते फ्रीज आणि क्रॉक पॉट, म्हणजे रांधायच्या भांड्यापाशीच गाजलं.

ओळख थोडक्यात. क्लेई एंटरटेनमेंट ही कॅनडातल्या व्हँकुव्हरची कंपनी. एकट्याने खेळायचा ‘डोन्ट स्टार्व्ह’ २०१३ मध्ये आला आणि मिळून खेळायचा ‘टुगेदर’ २०१६ मध्ये पूर्ण झाला. आम्ही स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये घेतला. एका खरेदीबरोबर मित्राला द्यायला आणखी एक प्रत मिळाली, त्यामुळे चौघांत दोघांनीच खिशात हात घातला. मी आणि अम्या पुण्यात, केद्या इचलकरंजीला, आणि माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, जर्मनीत. तिची संध्याकाळ ती आमची रात्र, म्हणून जेवणं उरकून साडेनऊ-दहाला बसायचं.

आता मुद्द्याचं. पडद्याच्या कोपऱ्यात तीन गोल असतात: पोट, हेल्थ (जीव) आणि सॅनिटी (डोकं किती ठिकाणावर आहे ते). विल्सन या साध्या कॅरेक्टरचं पोट १५० चं. गेममधला एक दिवस खऱ्या आठ मिनिटांचा आणि त्यात पोट ७५ ने उतरतं. म्हणजे तुडुंब जेवलात तरी सोळा मिनिटांत खडखडाट. शून्यावर आलात की सेकंदाला सव्वा हेल्थ जाते, म्हणजे धडधाकट माणूस दोन मिनिटांत संपतो. चौघांना मिळून दिवसाला साधारण ३०० लागतात. सगळ्यांचं लाडकं मीटबॉल एका वाटीला ६२.५ देतं, म्हणजे रोज पाच वाट्या. हिवाळा पंधरा दिवसांचा. त्या काळात बोरांच्या झुडपांना (आम्ही बेरीला बोरंच म्हणतो) काही येत नाही, शेतीही थंडावते. सत्तरच्या वर वाट्यांची सोय कुठून तरी करावी लागते, आणि ही सोय एकट्यादुकट्याने होत नाही.

मीटबॉलला एक मांसाचा तुकडा आणि तीन भरतीच्या वस्तू लागतात. बोरं चालतात, बर्फही चालतो. तीच तीन बोरं आणि तो बारका तुकडा कच्चाच खाल्ला तर सगळं मिळून चाळीस पोट भरतं. भांड्यात घातलं की साडेबासष्ट. मिळून शिजवण्यात नफा आहे हे आकड्यातच दिसतं, त्यामुळे सगळे आपापलं आणून बेसवर ओततात. खरी गोची पुढे आहे. चौघांनी एकेक वस्तू टाकली की चार वस्तूंची एकच वाटी होते. ती कोणी खायची?

याचं उत्तर गेम देत नाही. भांड्यातून पदार्थ कोणीही काढू शकतं. पेटीला कुलूप नाही, फ्रीजवर नाव नाही. वाटी माऊसवर उचलून सोबत्यावर क्लिक केलं की ती त्याच्याकडे जाते, वर थेट तोंडात भरवायचीही सोय आहे. म्हणजे द्यायची व्यवस्था चोख. पण कोणाला द्यायचं हे ठरवायला लागणारी एकच माहिती पडद्यावर नाही: दुसऱ्याचं पोट किती आहे ते तुम्हाला दिसत नाही. फार भूक लागली की त्याच्या डोक्यावर कुरकुरीची एक ओळ उमटते. तो पडद्याबाहेर लाकडं तोडत असेल तर तीही तुमच्यापर्यंत येत नाही.

सुरुवातीला मला ही डिझाइनमधली चूक वाटायची. आता वाटत नाही. गेमची सगळी गंमत याच आंधळेपणात आहे, असं माझं ठाम मत झालंय. भूक सांगावी लागते आणि सांगायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. केद्या पोट शंभरवर असतानाच बोंब मारतो. अम्या मरेपर्यंत बोलत नाही, आणि हे मी अक्षरशः म्हणतोय. पहिल्या हिवाळ्यात तो आमच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारता मारता भूत झाला. फ्रीजमध्ये तेव्हा वाट्या पडून होत्या. विचारलं तर म्हणे, तुम्ही डीअरक्लॉप्स राक्षसाशी लढताना लागतील म्हणून ठेवल्या असतील असं वाटलं. असा भिडस्त माणूस कॉलवर ओळखू येत नाही, कारण तो गप्प बसत नाही, फक्त त्या एका विषयावर गप्प बसतो.

मग ताईने पद्धत पाडली. दर संध्याकाळी, गेममधल्या संध्याकाळी, सगळे शेकोटीशी जमले की ती विचारते, “पोट किती?” आणि प्रत्येकाने आकडा सांगायचा.

“एकशे दहा.”

“पंचावन्न.”

“आहे, चालेल.”

“अम्या, आकडा.”

“...अठरा.”

की ताई त्याला जागेवरच भरवते. हातात दिलं तर तो पुन्हा फ्रीजमध्ये नेऊन ठेवतो, हे तिला ठाऊक आहे.

ज्यांना एवढं विचारत बसायचं नाही त्यांच्यासाठी ‘स्टेटस अनाउन्समेंट्स’ नावाचा मॉड (गेमला वरून लावायची जोड) आहे. आल्ट दाबून पोटाच्या गोलावर क्लिक केलं की तुमची अवस्था चॅटमध्ये पडते. आम्ही टाकलाय. उपयोगी आहे, पण क्लिक तरी स्वतःच करावं लागतं, आणि अम्याचा माऊस तिकडे वळत नाही.

कॅरेक्टर निवडताना खाण्याचा विचार करा, हा माझा पहिला सल्ला. ताईचा वॉर्ली हा पेशाने आचारी. तो शिजवलेलंच खातो, कच्च्याला तोंड लावत नाही. एकच पदार्थ लागोपाठ दिला तर त्याला तो कमी कमी लागू पडतो, शिवाय भूकही इतरांपेक्षा वीस टक्के जास्त. ऐकायला नखरेल वाटतो, पण त्याच्याकडे सोबत न्यायचं भांडं असतं आणि त्यात तो असे पदार्थ करतो जे दुसरं कोणी करू शकत नाही. खाऊ मात्र सगळे शकतात. त्याच्या मसाल्यांचं तर विचारूच नका: लसणाची पूड टाकलेलं खाल्लं की मार कमी लागतो, मिरचीची टाकली की आपला वार जड होतो. वॉर्लीमुळे आमच्या बेसवर मीटबॉलशिवाय दुसरं काही शिजायला लागलं, नाहीतर गेममध्ये बाकी कोणालाच तेच तेच खाण्याचा कंटाळा येत नाही. मला विचाराल तर सगळ्या कॅरेक्टरांत सर्वांत हुशारीने घडवलेलं हेच.

केद्याची विगफ्रिड फक्त मांस खाते. यात तोटा काहीच नाही, उलट फायदा आहे. बोरं, गाजरं जे तोडेल ते तिच्या कामाचं नसतं, म्हणून सगळं प्रामाणिकपणे भांड्यापाशी येतं. मात्र वर्ट घेणारा कोणी असेल तर विगफ्रिडबरोबर जरा जपून. वर्ट पक्की शाकाहारी, त्यामुळे दोघींच्या दोन चुली मांडाव्या लागतात. मी विकरबॉटम घेतो, पुस्तकांसाठी. शिळं तिच्या अंगी लागत नाही. फ्रीजमधलं हिरव्या चौकटीतलं ताजं माझ्याकडे आणि पिवळं पडलेलं बाकीच्यांकडे, अशी वाटणी झाली की टोमणे ऐकावे लागतात. ते मी ऐकून घेतो. कोणी डब्ल्यूएक्स-७८ घेतला तर हा तंटाच मिटतो. यंत्रमानव आहे, त्याला शिळ्याचं सोयरसुतक नाही.

शिळ्यावरून एक सांगण्यासारखं. पदार्थ भांड्यात गेला की त्याने गमावलेल्या ताजेपणातला निम्मा परत मिळतो. पिवळी-लाल झालेली बोरं मीटबॉल होऊन बाहेर आली की पुन्हा बरेच दिवस टिकतात. शिळ्या पोळ्यांची फोडणीची पोळी करणाऱ्या घरात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. ताईने ते पहिल्याच दिवशी हेरलं. आम्ही तिघं तोवर लाल झालेलं फेकत होतो.

फ्रीज हा वेगळाच विषय आहे. त्यात नऊच खण. आतल्या वस्तू निम्म्या वेगाने सडतात, म्हणून प्रत्येकाला आपली वस्तू आतच हवी. आमच्याकडे एका खणात फुलपाखराचा एकुलता एक पंख कित्येक दिवस होता, कोणी ठेवला हे आजवर कबूल झालेलं नाही. दुसरा फ्रीज करायला गिअर लागतात. ते घड्याळयंत्राच्या घोड्या-हत्तींना मारून मिळतात आणि ते घोडे-हत्ती आपल्याला मारून मोकळे होतात. तोवर वाळवणीच्या काठ्यांवर मांस सुकवा, जर्की फ्रीजबाहेरही वीस दिवस टिकते.

डीअरक्लॉप्ससारखा राक्षस येणार असला की मात्र खाण्याचा अर्थ बदलतो. मीटबॉलने हेल्थ फक्त तीनने वाढते. पिएरोगीने चाळीसने. म्हणजे पिएरोगी हे औषध, आणि ते भुकेसाठी खाणं हा आमच्यात गुन्हा. त्याला अंडं, मांस, भाजी आणि एक भरतीची वस्तू लागते. अंड्यासाठी पिंजऱ्यातला पक्षी. कोळ्यांना मारून मिळणारं राक्षसी मांस आपण कच्चं खाल्लं तर हेल्थ वीसने आणि सॅनिटी पंधराने खाली जाते. तेच भाजून पक्ष्याला दिलं की तो अंडं देतो. केद्या कोळी मारतो, मी भाजतो, पक्षी अंडं देतो, ताई रांधते आणि खातो पुढे उभा राहून मार खाणारा वुल्फगँग, म्हणजे अम्या. इतकी माणसं एका वाटीमागे राबलेली असताना पोटातले सदतीस भरायला म्हणून कोणी ती गिळली की कॉलवर जे बोललं जातं ते इथे लिहिता येणार नाही.

कंजूषपणा करून बघायचा असेल तर खुशाल करा, गेम लगेच बिल लावतो. उपाशी मेलेला सोबती भूत होऊन आसपास घुटमळतो आणि त्याच्यामुळे जिवंत असलेल्यांची सॅनिटी उतरत राहते. त्याला परत आणायचं तर टेलटेल हार्ट करावं लागतं. त्याला थोडं गवत, कोळ्याची एक ग्रंथी आणि करणाऱ्याची चाळीस हेल्थ पडते. उठलेल्याचीही कमाल हेल्थ घटलेली असते. एक वाटी वाचवली म्हणून एवढा खर्च. आमच्यातल्या हिशेबी माणसालाही (म्हणजे मला) हे गणित पटायला वेळ लागला नाही.

अनोळखी लोकांच्या सर्व्हरवरचा अनुभव संमिश्र. चौघं जमलो नाही की मी तिकडे डोकावायचो. एकदा भर हिवाळ्यात रिकाम्या हाताने उतरलो. चिनी लिपीत काहीतरी लिहिणाऱ्या एकाने मला शेकोटीपर्यंत नेलं, चार वाट्या दिल्या आणि पुन्हा कामाला लागला. मी दिलेला ‘थँक यू’ त्याने वाचला की नाही कोण जाणे. दुसऱ्या एका सर्व्हरवर कोणीतरी सगळा फ्रीज पाठीवरच्या पिशवीत भरून लॉग आउट केलं. माणूस गेला की त्याच्याजवळचं खाणंही त्याच्याबरोबर जातं, हे तेव्हा कळलं. म्हणून घरच्या जगातही आम्ही उठायच्या आधी पिशव्या रिकाम्या करतो. नाहीतर ताई झोपायला जाते आणि सगळा मध तिच्याकडे.

उणिवा आहेत. गेममध्ये कुकबुक आहे, पण एकदा करून-खाऊन पाहिल्याशिवाय त्यात काही भरत नाही, त्यामुळे नवखा माणूस शेजारी विकी उघडूनच बसतो. जग होस्टच्या, म्हणजे ते उघडणाऱ्याच्या, मशीनवर चालतं. आमच्यात तो मी, आणि माझ्याकडे पाहुणे आले की तिघं लटकतात. गुहा (जगाचा जमिनीखालचा भाग) चालू ठेवल्या तर होस्टच्या लॅपटॉपवर चांगलाच भार येतो. जुनं मशीन असेल तर आधी गुहा बंद करून बघा. बाकी गेम हलका आहे. एकट्याने खेळणार असाल तर हा घेऊ नका, २०१३ चा घ्या. दोघांत चालतो, चौघांत रंगतो. सहा जण एकदा जमवले होते, पण फ्रीजचे खण नऊच असल्याने प्रकरण लवकर आटोपलं.

पुढच्या जगात भूमिका बदलायच्या ठरल्यात. ताई म्हणते, महिनोन्महिने रांधलं, आता मला भाला द्या. वॉर्ली केद्याकडे जाणार. मीटबॉलमध्ये काडी घातली की त्याचं कबाब होतं आणि साडेबासष्टचे साडेसदतीस उरतात, हे त्याला बऱ्याचदा सांगून झालंय. तो म्हणतो, कबाब दिसायला बरं दिसतं. अम्याने आत्तापासूनच जर्की सुकवायला घेतली आहे.