विमानाची धास्ती: गोळी, उपचार, शिबिर की स्वतःची तयारी?

विमानप्रवासाच्या भीतीवर उपाय शोधणाऱ्या माणसापुढे साधारणपणे पाच वाटा असतात. डॉक्टरांकडून गोळी लिहून घेणे, मानसोपचारतज्ज्ञाकडे रीतसर उपचार घेणे, विमान कंपन्या किंवा निवृत्त वैमानिक चालवतात त्या एक-दोन दिवसांच्या शिबिरात नाव नोंदवणे, वाचन आणि श्वसनाचा सराव यांवर स्वतःच भिस्त ठेवणे आणि शेवटची म्हणजे विमानच टाळणे. यांतल्या प्रत्येक वाटेने गेलेले समाधानी लोक भेटतात, त्यामुळे ‘अमुक उपाय लागू पडतो का’ या प्रश्नाला बहुधा होकारच मिळतो आणि निवड होती तिथेच राहते. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या उपायाच्या आधाराने आजचे उड्डाण पार पडले, तर पुढच्या उड्डाणाच्या वेळी माझी भीती कमी झालेली असेल, तेवढीच असेल, की वाढलेली असेल? खालील तुलना मुख्यतः या कसोटीवर केलेली आहे.

त्याआधी भीती नेमकी कशाची आहे हे पाहून घेणे आवश्यक आहे, कारण शेजारी-शेजारी बसून खुर्चीचे हात घट्ट धरणाऱ्या दोन प्रवाशांची भीती अगदी निराळी असू शकते. एकाला विमान कोसळेल असे वाटत असते. इंजिनाचा आवाज जरा बदलला की तो सावध होतो आणि निघण्याच्या आदल्या दिवसापासून हवामानाचे अंदाज पुन्हा पुन्हा पाहत राहतो. दुसऱ्याला विमानाच्या सुरक्षिततेबद्दल शंका नसतेच. त्याची धास्ती दरवाजे बंद झाल्यानंतरची असते: आपला श्वास कोंडेल, छाती धडधडेल, चारचौघांत ताबा सुटेल आणि तरीही काही तास बाहेर पडता येणार नाही. अशा माणसाला लिफ्ट, बोगदा किंवा सभागृहातली मधली खुर्चीही नकोशी वाटते. पुष्कळांमध्ये दोन्ही भीती मिसळलेल्या असतात. स्वतःपुरता निवाडा करायचा असेल, तर ‘हे विमान कोसळणार नाही अशी पक्की हमी मिळाली, तर मी निवांत बसेन का?’ असे स्वतःला विचारून पाहावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर अपघातांची आकडेवारी कितीही वाचली तरी तिचा फारसा उपयोग होणार नाही.

गोळी आणि उपचार

खरी निवड बहुतेकांच्या बाबतीत या दोन उपायांमध्येच असते, म्हणून त्यांचा विचार सविस्तर करणे योग्य ठरेल.

गोळीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातील औषधे मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा परिणाम वाढवतात आणि घेतल्यापासून तासाभरात त्यांचा प्रभाव जाणवू लागतो. महिनोन्‌महिने तयारी करावी लागत नाही, कोणापुढे मन मोकळे करावे लागत नाही. ज्याला चार दिवसांनी कुटुंबातील गंभीर प्रसंगासाठी तातडीने निघायचे आहे आणि एरवी जो पाच-सात वर्षांत एकदाच विमानात बसतो, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या उड्डाणाचा. फ्रँक विल्हेल्म आणि वॉल्टन रॉथ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. विमानाची तीव्र भीती असलेल्या २८ स्त्रियांना एका आठवड्याच्या अंतराने दोनदा विमानप्रवास घडवला गेला. पहिल्या वेळी निम्म्या जणींना अल्प्राझोलाम आणि उरलेल्यांना औषध नसलेली, दिसायला सारखी गोळी देण्यात आली. दुसऱ्या वेळी कोणालाच काही दिले नाही. पहिल्या प्रवासात अल्प्राझोलाम घेतलेल्या स्त्रियांनी भीती कमी वाटल्याचे सांगितले, मात्र त्यांच्या हृदयाचे ठोके आणि श्वासाचा वेग दुसऱ्या गटापेक्षा अधिक भरला. दुसऱ्या प्रवासात तर चित्र उलटेच झाले. औषध घेतलेल्या गटात घबराटीचे झटके येण्याचे प्रमाण ७ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले, तर औषध न घेता पहिला प्रवास सोसलेल्या गटाची भीती दुसऱ्या वेळी कमी झालेली आढळली. अभ्यास लहान होता हे खरे, पण त्याचा निष्कर्ष भीतीच्या स्वभावाशी जुळणारा आहे. घाबरलेल्या अवस्थेतच विमानात बसून राहिल्यावर ‘काही झाले नाही, भीती आपोआप ओसरली’ हा अनुभव मनात रुजतो आणि पुढच्या वेळी तो कामी येतो. गोळी हा अनुभवच पुसट करते, आणि सुखरूप पोहोचण्याचे श्रेयही स्वतःकडे घेते. शिवाय या गटातील औषधांमुळे नव्या गोष्टी स्मरणात ठसण्याची क्रिया मंदावते, म्हणजे शिकण्याच्या ऐन वेळी शिकणेच थांबते.

इतर तोटेही लक्षात घेण्याजोगे आहेत. आणीबाणीत निम्मे दरवाजे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकले पाहिजेत, या अटीवर प्रवासी विमानांना मान्यता मिळते. गुंगीत असलेला माणूस या हिशेबात बसत नाही. लांबच्या प्रवासात तासन्‌तास न हलता झोपून राहिल्यास पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. काही थोड्या लोकांवर औषधाचा परिणाम उलटा होतो आणि ते शांत होण्याऐवजी अस्वस्थ किंवा चिडखोर होतात, म्हणून आयुष्यातील पहिली गोळी विमानात घेऊ नये. काही देशांत ही औषधे नियंत्रित समजली जातात, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगणे भाग असते.

प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा प्रकार वेगळा आहे. ते हृदयाची धडधड आणि हातांचा कंप आवरते, गुंगी सहसा आणत नाही, पण मनातील विचारांनाही फारसे हात लावत नाही. ज्याची भीती स्वतःच्या धडधडीनेच वाढत जाते त्याला ते सोयीचे वाटू शकते. दम्याच्या रुग्णांनी मात्र ते घेऊ नये. मद्याला तर औषध म्हणताच येणार नाही. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका कमी असतो, त्यात मद्य घेऊन झोप लागली की रक्तातील प्राणवायू आणखी उतरतो, आणि लांबच्या प्रवासात नशा उतरताना बेचैनी अधिकच वाढते. शामक गोळीवर मद्य घेणे हा थेट श्वासाला धोका आहे.

आता दुसरी बाजू. संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजेच सीबीटी, आणि त्यातील भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची पद्धत, यांचा भर नेमक्या त्याच अनुभवावर असतो जो गोळीमुळे हुकतो. उड्डाणाचे आवाज ऐकणे, विमानतळावर जाऊन नुसते बसणे, उभ्या विमानात शिरणे, छोटे उड्डाण करणे अशा पायऱ्या ठरवल्या जातात आणि प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत किंवा निदान ती सहन करता येते हे कळेपर्यंत थांबले जाते. कोंडले जाण्याची भीती असणाऱ्यांकडून मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन किंवा गोल फिरून चक्कर आणवली जाते, जेणेकरून ही लक्षणे त्रासदायक असली तरी घातक नाहीत हे त्यांच्या अंगवळणी पडावे. लार्स-गोरान ओस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ सालीच तीन तासांच्या एकाच सत्राची तुलना पाच सत्रांच्या उपचाराशी केली. उपचारानंतर लगेच एकट्याने विमानप्रवास करून आलेल्यांचे प्रमाण एका सत्राच्या गटात ९३ टक्के आणि पाच सत्रांच्या गटात ७९ टक्के होते. वर्षभराने दोन्ही गटांत ते ६४ टक्क्यांवर आले. यातून दोन गोष्टी दिसतात. उपचार फार लांबवावा लागतोच असे नाही, आणि तो झाल्यावर विमानात बसणे थांबवले तर भीती काही प्रमाणात परतू शकते.

प्रत्येक पायरीसाठी खरे विमान मिळणे कठीण असते. ही अडचण आभासी वास्तवाने, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटने, बरीच सोडवली आहे. बार्बरा रॉथबॉम यांच्या २००० सालच्या अभ्यासात आभासी विमानात घेतलेला उपचार आणि विमानतळावरील उभ्या विमानात घेतलेला उपचार यांचे परिणाम सारखेच निघाले. यातील लोकांची पाहणी सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेतील हल्ल्यांनंतरही करण्यात आली आणि त्यांची सुधारणा बहुतांशी टिकून असल्याचे दिसले. मात्र हेडसेट हे उपचारकाच्या हातातील साधन आहे. ते विकत आणून घरच्या घरी चालवलेला खेळ त्याची जागा घेईल असे मानू नये.

उपचाराचा तोटा एकच, पण मोठा आहे: तो सुरू करण्यासाठीच धैर्य लागते. पुष्कळ लोक पहिल्या सत्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

शिबिर

ब्रिटिश एअरवेज, लुफ्तांसा यांसारख्या कंपन्या अनेक वर्षांपासून अशी शिबिरे घेत आल्या आहेत. त्यांचा साचा साधारण सारखा असतो: सकाळी वैमानिक विमान कसे उडते ते सांगतो, मानसशास्त्रज्ञ भीतीचे स्वरूप आणि शिथिलीकरण शिकवतो आणि शेवटी सर्वांना घेऊन एक छोटे उड्डाण होते. आपल्यासारखे इतके लोक आहेत हे पाहूनच अनेकांची लाज गळून पडते, हा लाभ एकट्याने घेतलेल्या उपचारात नसतो. पण धीर देणारी माणसे भोवती असताना केलेले उड्डाण आणि पुढे एकट्याने करायचा प्रवास यांत अंतर असते, शिवाय एखाद्याच्या घबराटीच्या झटक्यांकडे स्वतंत्रपणे पाहायला तिथे वेळ नसतो. म्हणून कोसळण्याची भीती असणाऱ्यांना शिबिर आणि कोंडले जाण्याची भीती असणाऱ्यांना वैयक्तिक उपचार, अशी ढोबळ विभागणी मी करेन. शिबिराला जायचेच असेल, तर त्यानंतर महिना-दोन महिन्यांत दुसरा प्रवास ठरलेला असावा.

स्वतःची तयारी

सौम्य भीतीला एवढेही पुरते. ज्याला यंत्राचा भरवसा वाटत नाही, त्याने हे जाणून घ्यावे की विमानाची रचना सेवाकाळात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसू शकते हे सिद्ध करावे लागते. १९९५ मध्ये बोइंग ७७७ च्या चाचणीत पंख मुद्दाम वाकवत नेले, तेव्हा ते कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर तुटले. इंजिने बंद पडली म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही: २००१ मध्ये एअर ट्रान्झॅटचे एक विमान इंधन संपल्यावर अटलांटिकवर सुमारे वीस मिनिटे तरंगत जाऊन अझोर्स बेटांवर उतरले आणि आतील सर्व ३०६ जण वाचले. हवेच्या हेलकाव्यांत दुखापत होते ती मुख्यतः पट्टा न बांधलेल्यांना. पंखांजवळच्या जागेवर हेलकावे कमी जाणवतात, आणि जमिनीवरून जाणाऱ्या मार्गांवर दुपारपेक्षा सकाळची हवा सहसा शांत असते.

श्वसनाचा सराव दोन्ही प्रकारच्या भीतीत उपयोगी आहे. घाबरून भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यातून चक्कर आणि बोटांना मुंग्या येतात, आणि त्या लक्षणांनी भीती आणखी वाढते. उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवला की हे चक्र मोडते. माहितीचे मात्र व्यसन लागू शकते. पाचव्यांदा आकडेवारी पाहणारा, हवाई सेवकांचे चेहरे न्याहाळत राहणारा माणूस तयारी करत नसतो, तो क्षणभराचा दिलासा गोळा करत असतो, आणि असा दिलासा पुढच्या वेळी आणखी मोठा लागतो.

टाळणे

हा पर्याय सर्वांत सुरक्षित वाटतो, पण तसा तो नाही. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत अनेकांनी विमानाऐवजी मोटार पसंत केली. त्यामुळे पुढील बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,६०० अधिक मृत्यू झाले, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी मांडला आहे. वर सांगितलेल्या कसोटीवर तर हा पर्याय सर्वांत मागे पडतो, कारण टाळलेल्या प्रत्येक उड्डाणागणिक भीती खरी होती असाच समज पक्का होतो. ज्याच्या आयुष्यात विमानाची गरजच नाही, त्याने भीती घालवण्याचा खटाटोप केलाच पाहिजे असे अर्थातच नाही.

निर्णय घेताना

हातात आठवडाच असेल, तर श्वसनाचा सराव, पंखांजवळची जागा आणि फारच असह्य असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळी, एवढेच शक्य आहे. दोन-तीन महिने असतील आणि पुढेही प्रवास करायचे असतील, तर उपचार घ्यावा; भीती मुख्यतः अपघाताची असेल, तर शिबिरही चालेल. नोकरीमुळे वरचेवर विमानात बसावे लागणाऱ्याने गोळीवर विसंबणे मला सर्वांत चुकीचे वाटते, कारण दुसऱ्या उड्डाणाचा प्रश्न त्याच्यापुढे दर महिन्याला येतो. गोळी आणि उपचार एकत्र घ्यायचे असतील, तर ते दोन्ही तज्ज्ञांना ठाऊक असावे, कारण सरावाच्या उड्डाणाआधी घेतलेली शामक गोळी त्या सरावाचाच परिणाम कमी करते. ‘लागली तर असू दे’ म्हणून खिशात ठेवलेली, कधीही न घेतलेली गोळीसुद्धा उपचारक आधारातच मोजतात, आणि उपचाराच्या शेवटच्या टप्प्यात ती घरी ठेवून निघायला सांगतात.