दिल्ली-टोकियो डायरेक्ट फ्लाइट: जाताना साडेसात तास, येताना नऊ-साडेनऊ

आईबाबांना जपानला न्यायचं होतं म्हणून डायरेक्टच घेतली आणि पैसे वसूल, आधीच सांगते. बँकॉक किंवा हाँगकाँगवरून स्वस्त पडतं खरं पण म्हाताऱ्या माणसांना मध्यरात्री विमान बदलायला लावणं नको वाटतं.

तिकिटावरच्या वेळा बघून बऱ्याच जणांचा घोळ होतो. रात्री ८ ला निघून सकाळी ७ ला पोचणार म्हटलं की ११ तास वाटतात आणि येताना सकाळी ११:३० ते संध्याकाळी ५:३० म्हणजे फक्त ६. पण जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे ना, तो हिशोब लावला की खरं चित्र बरोबर उलटं, जातानाच प्रवास छोटा. सरळ रेषेत अंतर साधारण ५,८५० किलोमीटर, विमान थोडं जास्तच उडतं कारण तिबेटवरून शक्यतो नेत नाहीत, केबिनमधली हवा गेली तर झटकन दहा हजार फुटांवर यावं लागतं आणि तिथे खाली जमीनच त्याच्यापेक्षा उंच! म्हणून म्यानमार, मग चीनचा दक्षिण भाग असं वळसा घालून.

आणि वेळेतला फरक वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, थंडीत तर जपानवर प्रचंड जोरात. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता आणि रिपोर्ट चक्क एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापला, त्यामुळे बाहेर फारसा कोणी वाचलाच नाही. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीडच (जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग) बघत बसले, जाताना ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला तेव्हा मला हलवून उठवलं. येताना तोच आकडा साडेसातशेच्या आसपास.

जाताना झोप मात्र होत नाही. जेवण देऊन ट्रे उचलेपर्यंत दीड-दोन तास जातात, उतरायच्या दोन तास आधी लाइट लावून नाश्ता, मधे मिळाली तर चार तास. त्यामुळे पहिल्या दिवशी काही ठरवू नका, हॉटेलची खोली दुपारीच मिळते हेही लक्षात ठेवा. थंडीत जपानजवळ विमान हलतं बऱ्यापैकी, आई घाबरली होती पण एअर होस्टेस येऊन तिच्याशी दोन मिनिटं छान बोलून गेली, ते फार बरं वाटलं.

व्हेज जेवण आधीच बुक करा, निघायच्या निदान २४ तास आधी. आम्हाला एशियन व्हेजमध्ये जिरा राइस, राजमा आणि पनीर मिळालं, गरम होतं, पोळी जरा चामट. परतीला माझा स्क्रीन पूर्ण बंद, सांगूनही चालू झाला नाही, नऊ तास दिवसाउजेडी तसंच बसायचं म्हणजे वैताग, फोनमध्ये काहीतरी भरून घ्या.

येताना खिडकी घ्यायची तर उजवीकडची, आकाश स्वच्छ असलं तर शेवटच्या दोनेक तासांत लांबवर हिमालयाची बर्फाची रांग दिसते, आम्हाला दिसली. मुंबई-पुण्याच्या लोकांनी दिल्लीपर्यंतचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा, वेगळं काढलं तर सामान घेऊन परत चेक-इन करत बसावं लागतं.